तालुका निवडा

वसगडेकर सरांचा तिसरा फोन:
"मॅडम, हापिसच्या संगणकावर खोका चौकोनी हाय,
लेकीच्या मोबाइलवर त्योच गोल.
बोर्डिंग एक, प्रवेशाचा फॉर्म एक,
मग खोका दोन तऱ्हेचा का?"

राजारामपुरी, नववी गल्ली.
खाली झेरॉक्सची घरघर,
वर मी, आणि चार ब्राउझर उघडे.

बाकी सगळे ऐकतात.
नावाचा रकाना ऐकतो,
जन्मतारखेचा कुरकुरत का होईना, ऐकतो,
बटण तर पहिल्या हाकेला हिरवं होतं.
हा एकच हट्टी,
तालुक्याचा, खाली उघडणारा.
बाहेरून रंग लावू देतो,
कड, कोपरे, अक्षराची जाडी;
उघडला की आतली यादी
ज्या यंत्रात बसलाय त्या यंत्राची.
भाड्याची खोली जशी:
दाराला रंग आपला, भिंती मालकाच्या.

एकात बाण खसखशीएवढा.
दुसऱ्यात दोन, एक वर बघणारा, एक खाली.
तिसऱ्यात काचेची चकाकी, कुणी मागितली होती?
आयफोनवर यादी तळातून चाकासारखी फिरत येते,
स्वस्तातल्या फोनवर मागचं सगळं अंधारून
मधोमध फतकल मारते.
आणि निवडलेल्या ओळीवर तो निळा पट्टा,
कुणाच्या बापाला न पुसला जाणारा.

एक ओळ असते त्याच्यासाठी.
अर्थ इतकाच: रूप, काही नाही.
लिहिली, तसा बाण गळून पडला,
चकाकी उतरली, खोका बोडका झाला.
मग माझा त्रिकोण काढला, उजव्या कडेला.
हातकणंगलेतला ले त्याच्याखाली गेला.
जागा वाढवली.
भुदरगडचा उकार तळाशी कापला गेला.
उंची वाढवली.
तीन ब्राउझरांत उकार परत आला,
चौथ्यात अजून
भदरगड.

रात्री दीडला चोरवाट धरली.
खरा खोका लपवला,
त्याच्या जागी हुबेहूब तोतया उभा केला,
बाराही तालुके माझ्या रंगात, माझ्या अक्षरात,
चारी ठिकाणी डिट्टो.
सर सकाळी म्हणाले, "आत्ता कसं!"

दुपारी निवास पोवारांचा फोन.
बोर्डिंगचे जुने विद्यार्थी, आता बँकेत,
डोळ्यांना दिसत नाही,
संगणक वाचून दाखवतो, ते ऐकतात.
"ताई, भाच्याचा फॉर्म भरतोय.
नाव झालं, जन्मतारीख झाली,
आणि पुढं एकदम मोबाइल नंबर.
तालुका विचारतच नाही तुमचा फॉर्म.
आजरा सांगायचंय,
पण सांगू कुणाला?"

मी टॅब दाबून बघितला.
डोळे मिटून पुन्हा दाबला.
जन्मतारीख. मोबाइल नंबर.
मधे माझे बारा तालुके
देखणे, मुके.

तोतया काढून टाकला.
खरा आणला परत, हट्टासकट,
चकाकी नाही, त्रिकोण माझा, उकार शाबूत,
पण उघडल्यावर ज्याचा त्याचा.
सरांना समजावत बसले अर्धा तास.
म्हटलं, पोरं बारा तालुक्यांतनं येणार,
बारा तऱ्हेच्या फोनवरनं,
ज्याला जशी यादी उघडायची सवय, तशी उघडू दे.
पलीकडे मेसमध्ये ताटं आपटत होती.
"बरं," ते म्हणाले, नाराजीनंच,
"बाण तरी सगळीकडं एक ठेवा."

संध्याकाळी निवासरावांनी फोन
संगणकाच्या तोंडाशी धरला.
पत्र्यासारखा एक आवाज
घाईघाईनं नावं घेत खाली उतरत होता,
गगनबावड्याला अडखळला,
कागलवरून सुसाट गेला,
मग थांबला:
"आजरा. तेरापैकी अकरा."

तालुके बारा.
पण त्या यंत्राच्या हिशेबात
'तालुका निवडा' हेही
एक ठिकाण आहे.